सरांकडून शिफारसपत्र कसं काढावं

पोरगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्या डोक्यात अमेरिकेतलं एमएस शिरलंय? मग पालकहो, जीआरई या प्रवेशपरीक्षेचं नंतर बघा, आधी तीन सर शोधा. तिकडची बहुतेक विद्यापीठं तीन शिफारसपत्रं मागतात. नांदेडात दोन महिने मी हाच धंदा केलाय, तेव्हा सल्ला द्यायचा अधिकार मला पोचतो.

आमदारसाहेबांची चिठ्ठी आणू नका. तिकडं आपला मतदारसंघ कुणाला ठाऊक नाही.

पेढे न्यावेत. पाव किलोत भागत नाही.

सर ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणाले की भरून पावलो म्हणायचं. पोरीनं रात्री जागून स्वतःचीच आरती इंग्रजीत ओवाळावी. वर अर्जात एक चौकोन असतो : अमेरिकेतल्या 1974 च्या फर्पा कायद्यानं हे पत्र पुढं वाचायचा जो हक्क मिळतो, तो मी सोडते. तिथं टिक करावी. पत्र आपणच लिहिलंय हे मनात ठेवावं.

खरी मजा पुढंच. केळीच्या पानाच्या फोटोवरून करपा रोग ओळखायचा, हा आमच्या पोरीचा प्रोजेक्ट. त्यासाठी अर्धापूरला मामाच्या बागेत भर पावसात चिखल तुडवत तिनं चारशे फोटो काढले. ते सगळं तिनं पत्रात लिहिलं. सरांनी खोडलं. ‘एवढं डिटेल कशाला?’ मग त्यांनी मागच्या वर्षीच्या कुण्या पोराची फाईल उघडली, वर नाव बदललं आणि दिली छापून. हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल. तिसऱ्या ओळीत ‘ही’ तसाच. इंग्रजीतला ‘ही’, आपली नव्हे! पोरगी म्हणाली, सर, हे दुरुस्त करता का? तर सर म्हणतात, ‘तुझा रोल नंबर काय?’

चार वर्षं शिकवलं हो त्यांनी तिला!

गोल शिक्का मारून घ्या. तिकडं कुणी बघत नाही, पण आपल्या जिवाला बरं वाटतं.

पत्र सरांनीच ऑनलाइन चढवायचं असतं. लिंक त्यांच्या कॉलेजच्या ईमेलवर जाते. तो ईमेल सर उघडत नाहीत. पासवर्ड क्लार्ककडं, क्लार्क भाचीच्या लग्नाला. तोवर रोज विभागाच्या दारात उभं राहावं, पाय मोकळे होतात.

सल्ले गेले चुलीत. सर, त्या फॉर्मवर तुम्हाला दोनच गोष्टी विचारल्यात. हिला किती दिवसांपासून ओळखता, आणि वर्गात ही पहिल्या पाच टक्क्यांत बसते की दहा. पगार घेता ना शिकवायचा? मग पोरं ओळखायला काय होतं तुम्हाला? चार ओळी स्वतःच्या हातानं लिहायला बोटं झिजतात का? नसेल लिहायचं तर पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं होतं, तिनं दुसरं दार गाठलं असतं. पेढे खाऊन दोन महिने झुलवलंत तिला.

आज पंधरा डिसेंबर, शेवटची तारीख. न्यूयॉर्कला रात्रीचे बारा म्हणजे आपल्याकडं उद्या सकाळचे साडेदहा. आता तरी फोन उचला.