कासव, कंट्रोलर आणि चिमूटभर रंग

इंजिनच्या गाड्यांवर मी आयुष्य काढलं ते कानाच्या जोरावर. गाडी आत येऊन उभी राहीपर्यंत मला कळायचं की टॅपेट वाजतंय का बेअरिंग गेलंय, तरी मालकासमोर डोळे मिटून दोन मिनिटं ऐकायचं नाटक करायचो, त्याने बिलाला जरा वजन येतं. इलेक्ट्रिक गाडी आली आणि ही सगळी कलाच बुडाली. ती चांगली असली तरी गप्प आणि बिघडली तरी गप्प. बोलतो तो फक्त स्कॅनर, आणि तोही कोडमध्ये, रुसलेल्या माणसाने चिठ्ठी लिहून पुढे सरकवावी तसा.

तर अशीच एक गाडी आली. डॅशबोर्डवर पिवळं कासव. म्हणजे गाडी सांगतेय की ताकद कमी केलीये, आता हळूहळू चला. (हे चित्र ज्याने निवडलं त्याला मानलं बुवा, इंजिनच्या दिव्याचं चित्र अजून अर्ध्या गिऱ्हाइकांना नळासारखं दिसतं, कासव सगळ्यांना पहिल्या दिवशी कळलं.) मालक अभ्यास करूनच आलेले.

"दादा, मोटर कंट्रोलर गेलाय. मी मोबाईलवर सगळं वाचलंय."

"कधी होतं असं?"

"रात्रीच. दिवसा कधीच नाही. बंद करून चालू केली की परत ठीक."

मी आणि आमचा पोऱ्या एकमेकांकडे बघून हसलो. रात्रीच होतं म्हणे, आता काय लिंबू-मिरची बांधायची का. हे हसणं लक्षात ठेवा, पुढे महागात पडलंय.

स्कॅनर लावला तर कोडची वरातच. पुढे पी०ए१बी, म्हणजे ड्राइव्ह मोटर कंट्रोल मॉड्यूल, मोटरला करंट वाटणारा तो कंट्रोलरच, मागे यू०११०, म्हणजे बाकीची मॉड्यूलं चुगली करतायत की हा कंट्रोलर आमच्याशी बोलत नाहीये, आणि त्यांच्यामागे आणखी सात. आणि मी काय केलं, तर जुन्या सवयीने, आधी पाटी कोरी करू आणि परत काय येतं ते बघू असं म्हणून सगळे कोड पुसले. पुसल्यावर आठवलं की कोडबरोबर फ्रीज फ्रेम असते, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणी गाडीचा वेग किती, तापमान किती, मॉड्यूलला व्होल्टेज किती मिळत होतं, हे सगळं गाडीने माझ्यासाठी लिहून ठेवलेलं असतं. असतं म्हणजे होतं.

पुढचे तीन दिवस ती गाडी इतकी गुणी वागली की काय सांगू. डॉक्टरच्या दारात गेल्यावर दाढ दुखायची थांबते ना, तसं. मी पळवली, चढावर नेली, गचकन ब्रेक मारले, कासवाचा पत्ता नाही. मालक रोज फोन करणार, "मिळालं का काही?" आणि मी म्हणणार, "चाललंय." काही चाललं नव्हतं, गाडी सोडून.

मग म्हटलं आता पद्धतशीर. या गाडीत साडेतीनशे व्होल्ट आहेत आणि नारिंगी केबल कशाच्या आहेत हे हात लावून शिकायची गोष्ट नाही. रबरी हातमोजे काढले, मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडून कुठे भोक नाही ना बघितलं, त्यावर चामड्याचे चढवले, गाडी बंद, १२ व्होल्टची बॅटरी सोडवली, सर्व्हिस प्लग, म्हणजे मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा खटका, उपसला आणि खिशात टाकला. खिशात यासाठी की आपण आत हात घातलेला असताना दुसऱ्या कुणी शहाण्याने तो परत लावू नये. मग दहा मिनिटं थांबायचं, इन्व्हर्टरमधले कपॅसिटर, गाडी बंद केल्यावरही वीज धरून बसणारे, रिकामे होईपर्यंत. दोन-दोन हातमोजे घालून दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा एकदा, बरोबर दुसऱ्या मिनिटाला नाक खाजतं. पोऱ्या म्हणाला मी खाजवू का. नको म्हटलं.

मीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री केली आणि मग एकेक तपासायला घेतलं. मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, बघितलं, ठणठणीत. मग रिझॉल्व्हर. हा मोटरच्या टोकाला बसून रोटर आत्ता कुठल्या कोनात आहे ते कंट्रोलरला सांगत असतो, कारण कंट्रोलरला मोटरच्या तीन तारांपैकी कुठल्या तारेत आत्ता करंट सोडायचा हे ठरवायला ते कळावं लागतं, आणि हे सोडणं-थांबवणं सेकंदाला हजारो वेळा चालतं. याची तिन्ही वाइंडिंग बरोबर. कॅनच्या, म्हणजे मॉड्यूलं ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन तारांमध्ये ६० ओहम यायला हवेत, दोन्ही टोकांना १२०-१२० समांतर असतात ना, तर ६०च आले. सगळे साक्षीदार निर्दोष. आता राहिला कंट्रोलर स्वतः, आणि त्याची किंमत ऐकून मालक कासवासकट गाडी माझ्याकडेच सोडून गेले असते.

सगळं जोडलं आणि स्टार्टचं बटन दाबलं, गाडी ढिम्म. परत दाबलं, ढिम्म. घाम फुटला, म्हटलं लावली आपण वाट. पंधरा मिनिटं फ्यूज बघत होतो. पोऱ्या शांतपणे म्हणाला, "खिशात बघा."

संध्याकाळी अंधार पडला म्हणून गाडी आत घ्यायला हेडलाइट लावला, काचेवर वाफ होती म्हणून ब्लोअर लावला, मागच्या काचेचा हीटर लावला, वायपर फिरवला. आणि आलं! कासव! इतका आनंद मला माझ्या निकालाच्या दिवशी झाला नव्हता. पोऱ्याला हाक मारली, कशालाही हात न लावता आधी फ्रीज फ्रेम वाचली. मॉड्यूलचं व्होल्टेज साडेनऊ. बॅटरीवर मोजले तर चौदा. मग मधले साडेचार गेले कुठे?

मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी कंट्रोलरच्या अर्थच्या, म्हणजे करंट पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या, तारेवर, सगळे लोड चालू ठेवून. इथे फार तर एक दशांश व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. दिसले चार, पॅनेल हाताने दाबलं की पाच. कंट्रोलर, दिवे आणि ब्लोअर यांच्या अर्थच्या तारा एकाच बोल्टवर, आणि कधीतरी डेंटिंग-पेंटिंग करताना कुणा कलाकाराने त्या बोल्टच्या खालीही छान रंग मारलेला, आणि रंगातून करंट धड जात नाही. दिवसा भागून जायचं, रात्री दिवे लागले की साडेतीनशे व्होल्टवर हुकूम चालवणारे हे महाशय १२ व्होल्टवाचून बेशुद्ध. वर कोड त्यांच्याच नावाने. म्हणजे जो उपाशी पडला तोच गुन्हेगार.

बोल्ट काढला, रंग खरवडला, पत्रा चमकवला, बोल्ट आवळला. दहा मिनिटं. हो, तेवढीच, जेवढी मी हातमोजे घालून उभा होतो.

मालक न्यायला आले. सगळं ऐकून घेतलं, थोडे नाराजच झाले, कंट्रोलर गेलाय हे त्यांनी बहुतेक चार ठिकाणी सांगून ठेवलेलं असावं. मग सगळी गिऱ्हाइकं विचारतात तो प्रश्न आलाच, "दादा, काढलेला जुना पार्ट?"

मी बोल्टखालचा खरवडलेला रंग कागदाच्या पुडीत बांधून दिला. त्यांनी पुडी उघडून बघितली, परत नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. जाताना मात्र हेडलाइट लावून गेले, भर दुपारी.