तेलबियांची उगवण तेलाच्या साठ्यावर ठरत नाही

खरिपाची पेरणी जवळ आली की एक संदेश पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: तेलबिया तेलावर उगवतात, म्हणून जितके तेल जास्त तितकी उगवण चांगली, बी जुने झाले की तेल आटते, म्हणून सोयाबीन उगवत नाही, पेरणीपूर्वी बियाण्याला तेल चोळल्यास ही तूट भरून निघते. या तिन्ही विधानांत तेलाचे काम चुकीच्या जागी जोडलेले आहे.

पहिल्या विधानाला भुईमुगाचे उदाहरण पुरेसे आहे. उपट्या आणि पसऱ्या या दोन्ही प्रकारांच्या दाण्यांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असते. तरीही काढणीच्या वेळी पाऊस झाला तर उपट्या वाणांच्या शेंगांतच दाणे उगवतात, आणि पसऱ्या वाणांचे ताजे दाणे ओलावा मिळूनही अनेक आठवडे सुप्त राहतात. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीवरील प्रयोगांनी हा मुद्दा अधिक स्पष्ट केला आहे. साठ्यातील तेल फोडणारे लायपेज हे विकर ज्यात निकामी झाले आहे अशा वाणाचे बी उगवते. त्याचे रोप मात्र बाहेरून साखर दिल्याशिवाय वाढत नाही. म्हणजे तेल हे मुख्यतः मूलांकुर बाहेर पडल्यानंतरच्या रोपाचे अन्न आहे. याउलट, मेदाम्ले (तेलाचे घटक असलेली आम्ले) पेशीतील पेरॉक्सिझोममध्ये, म्हणजे ती जेथे मोडली जातात त्या सूक्ष्म कप्प्यात, पोचवणारे प्रथिन ज्यात नाही, ते बी साखर देऊनही उगवत नाही. अशा बियांत लिनोलेनिक आम्ल या मेदाम्लापासून तयार होणारे ओपीडीए हे संयुग साठते आणि बी सुप्त ठेवणाऱ्या ॲब्सिसिक आम्ल या संप्रेरकाच्या जोडीने तेच उगवण रोखून धरते, असे यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले. येथे अडसर अन्नाच्या तुटवड्याचा नसून संकेताचा आहे.

असेच काम ॲसिलइथेनॉलअमाइन या मेदाम्लजन्य गटाचे. नॉर्थ टेक्सास विद्यापीठातील केंट चॅपमन यांच्या गटाने कपाशीसह अनेक पिकांच्या कोरड्या बियांत ही संयुगे मोजली. बी पाणी शोषू लागताच त्यांचे प्रमाण झपाट्याने घटते, आणि ती बाहेरून दिल्यास अरॅबिडॉप्सिसच्या रोपाची वाढ खुंटते. ही मात्रा एक ग्रॅम बियाण्यात मायक्रोग्रॅमच्या घरात असते. सोयाबीनच्या तेवढ्याच बियाण्यात तेल सुमारे दोन लाख मायक्रोग्रॅम असते. तेलाच्या टक्केवारीत या संयुगांची घट-वाढ दिसणारच नाही.

दुसरे विधान, तेल आटते. न उगवणारे जुने सोयाबीन तेल गिरणीत गेले तर त्यातून तेल निघतेच. आटत नाही, ते बिघडते. सोयाबीनच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा लिनोलिक आम्लाचा असतो. त्यात लिनोलेनिकची भर पडते, आणि पेशीपटलांतही अशीच सहज ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्ले असतात. उष्णता व ओलावा यांत साठवण झाली की पटले फाटतात, भिजवल्यावर पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपतात आणि बी कुजते. शिवाय सोयाबीनचे आवरण पातळ असून अंकुर त्याच्या लगत असतो, त्यामुळे मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवल्यास बी बाहेरून निकोप दिसूनही आतून मार खाल्लेले असते.

तिसऱ्यावर फार लिहिण्यासारखे नाही. बियाण्यातील तेल पेशींतील सूक्ष्म तेलपिंडांत असते. वरून चोळलेले तेथे पोचत नाही आणि फाटलेली पटलेही सांधत नाही. कडधान्यांना साठवणीत भुंग्यापासून वाचवण्यासाठी तेल लावतात, त्याचा हेतू वेगळा. कदाचित तेथूनच हा गोंधळ सुरू झाला असावा.

मात्र आता उलट टोकाचे विधान होण्याचाही धोका आहे: सोयाबीन उगवले नाही, म्हणजे संकेत देणारी मेदाम्ले जास्त झाली. वर सांगितलेले पुरावे बहुतांशी अरॅबिडॉप्सिसमधले आहेत, तर शेतात फसणारे सोयाबीन सुप्त नसते, मेलेले किंवा दुबळे झालेले असते. ते ओळखण्यासाठी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजावे. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान 70 टक्के उगवण हे प्रमाण आहे.