आदेश नंतर आला, अंगठे आधी उमटले

‘१९७८ मध्ये डेंग शियाओपिंग यांनी एक आदेश काढला आणि चीन पालटला. विरोधक नाहीत, निवडणुका नाहीत, राजकारणात काडीचाही बदल नाही, म्हणूनच जमलं.’ चीनच्या तेव्हाच्या सर्वोच्च नेत्याविषयीचा हा मजकूर सध्या पुन्हा फॉरवर्ड होतोय.

आधी तो आदेश पाहू. शेतीतला निर्णायक बदल बीजिंगहून निघालाच नाही. १९७८ च्या अखेरीस आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावात १८ शेतकऱ्यांनी चोरून करार केला: कम्यूनची, म्हणजे सामूहिक शेतीची, जमीन घरटी वाटून कसायची, सरकारचा वाटा भरायचा, उरेल ते आपलं. खाली अंगठे उमटवले. कुणी तुरुंगात गेलं तर त्याची पोरं १८ वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची, हेही ठरलं. धास्ती उगाच नव्हती. त्याच डिसेंबरातल्या कम्युनिस्ट पक्षाच्या ज्या बैठकीला सुधारणांचा आरंभ मानतात, तिच्या शेतीविषयक मसुद्यात अशा घरटी वाटपाला चक्क मनाई होती! प्रांताचे पक्षसचिव वान ली यांनी या प्रयोगांना पाठीशी घातलं. केंद्राची रीतसर मोहोर १९८२ मध्ये उमटली. पुढे गावोगावी छोटे कारखाने फोफावले, तेव्हा ‘हे आम्हाला अजिबात अपेक्षित नव्हतं’ अशी कबुली १९८७ मध्ये खुद्द डेंग यांनी दिली. श्रेय त्यांनी घेतलं नाही, ते फॉरवर्डवाले देताहेत.

विरोधक नसले की निर्णय झटपट होतात, हे मान्य. १९५८ ची ‘मोठी झेप’, म्हणजे माओंची झटपट औद्योगिकीकरणाची आणि कम्यून उभारण्याची मोहीम, हीही झटपटच घेतली होती; तिच्यामागून आलेल्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. पक्ष तोच, सत्ता तशीच एकहाती.

राहिला ‘राजकारणात बदल नाही’ हा मुद्दा, आणि इथे तर इतिहासच पुसलाय. सत्ता मोजक्या हातांत एकवटणं आणि तहहयात पदं यांवर डेंग यांनीच ऑगस्ट १९८० मध्ये बोट ठेवलं. १९८२ च्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षपदाला सलग दोनच मुदतींची मर्यादा आली. १९८७ च्या पक्ष अधिवेशनात पक्षप्रमुख झाओ झियांग पक्ष आणि सरकार यांची फारकत करण्याविषयी उघडपणे बोलत होते. राजवट एकपक्षीयच होती, आणि १९८९ मध्ये तिआनमेन चौकाकडे रणगाडे पाठवणारेही डेंगच. झाओंचं पद गेलं, २००५ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते नजरकैदेत राहिले.

मुदतीची मर्यादा मात्र २०१८ पर्यंत टिकली. ती हटवायच्या बाजूने चीनच्या संसदेत २,९५८ मतं पडली, विरोधात २. फॉरवर्डमध्ये दिसतो तो एकाच नेत्याचा चीन या मतदानानंतरचा आहे, तोवर सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास वाढीची तीन दशकं उलटून गेली होती.