आधी लाल ठिपका, मग सुई

इंदुरी माणूस दाढदुखीला भीत नाही. महिनाभर एका बाजूने चावून तो शेव, गराडू, सगळं निभावतो. भितो तो भुलीच्या सुईला. आम्हा दातवाल्यांना खुर्चीतून पहिला प्रश्न येतो तो तिचाच: “केवढी आहे?” 27 किंवा 30 गेजची, असं खरं उत्तर देऊ नये. गेज वाढला की सुई बारीक होते हे रामबागेतल्या काकांना पटत नाही. “30? अहो, मग 10ची लावा ना!”

अशांसाठी आम्ही सुईआधी हिरडीवर मारायचा लेझर ठेवतो. नाव ऐकून पेशंट धुराची वाट बघतो. पण हिरडी कापणारा लेझर वॉटमध्ये चालतो, हा मिलिवॉटमध्ये. 100 मिलिवॉट, 40 सेकंद, म्हणजे 4 ज्यूल. तेवढ्यात एक ग्रॅम पाणी जेमतेम अंशभर तापतं. 810 नॅनोमीटरचा खरा किरण तर दिसतही नाही. दिसतो तो नेम धरायचा लाल ठिपका, आणि धीर सगळ्यांना त्याचाच येतो. या उजेडाने वेदना नेणाऱ्या बारीक नसा थोडा वेळ मंदावतात, असं मानतात. कुणाला फरक कळतो, कुणाला नाही.

आधी गॉजने जागा कोरडी करायची, टोकावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, मग चष्मे: पेशंट, डॉक्टर, मदतनीस, तिघांना, आणि तेही त्याच तरंगलांबीचे. राजवाड्यापुढच्या फुटपाथवरचा गॉगल चालत नाही. टोक हिरडीला टेकवून सरळ, स्थिर धरायचं. लांब धरलं की उजेड पसरतो. नेहमीची चूक मात्र वेगळी: लेझर एकीकडे, सुई बोटभर पलीकडे. दुसरी चूक, बाहेर दहा माणसं बसलेली बघून 40 सेकंदांचे 15 होणं.

एवढं करूनही लेझर फार तर टोचणं सौम्य करतो. पुढचं दुखणं औषध आत ढकलण्याचं. टाळूला कातडी हाडाला घट्ट चिकटलेली, औषधाला शिरायला जागाच नाही. त्यात ॲड्रेनलिन मिसळलेलं औषध आम्लधर्मी, म्हणून जळजळतं. त्यावर उपाय डॉक्टरच्या अंगठ्यात: मिनिटाला एक मिली, त्याहून जोरात नाही. महागातलं यंत्र घेऊन अंगठा छप्पन दुकानच्या गर्दीतल्यासारखा रेटायचा असेल तर साधं भुलीचं जेल लावून दोन मिनिटं थांबलेलं बरं. आणि दाढेखाली पू असेल तर मूळ भूलच नीट चढत नाही. तिथे लाल ठिपका काय करणार?

उठताना आम्ही बजावतो: ओठ दोन-तीन तास बधिर राहील, तोवर काही चावू नका. मान डोलते. “पोहे तर चालतील? जीरावन मसाला कमी टाकून?” दुसऱ्या दिवशी तोच पेशंट चावलेला, सुजलेला ओठ घेऊन दारात. “डॉक्टरसाहेब, यावर तो लाल दिवा मारता येतो का हो?”

येतो. चष्मा घाला.