सव्वासहा किलोंची शोभा

सोफ्यामागची भिंत 'रिकामी' आहे, हा शोध बायकोला लग्नाच्या चौदाव्या वर्षी लागला. तोवर मला ती नुसती भिंत वाटायची. मग पायधुनीजवळ तांबाकाट्याला चार खेपा झाल्या आणि एक नक्षीदार पितळी पत्रा आमच्या दादरच्या घरी आला. 4 बाय 2 फूट, जाडी फक्त 1 मिलिमीटर. दिसायला पापड, टॅक्सीतून उतरवताना कळलं, सव्वासहा किलो आहे.

दुकानातल्या माणसाने एवढंच सांगितलं होतं, "सिलिकॉन लावा, जन्मात निघणार नाही."

लावलं. मागे भरपूर लावलं, कडेनेही हौसेने फिरवलं. घरभर व्हिनेगरचा वास सुटला. "चायनीज मागवलंय का?" म्हणून लेक उठून बाहेर आला. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं, असं ट्यूबवर लिहिलं होतं. जुलैची मुंबई! इथे पापडसुद्धा हवेतला ओलावा पिऊन मऊ पडतो. मी निर्धास्त झोपलो. पण पत्र्याच्या पाठीमागे हवा शिरणार कुठून, हा विचार केला नव्हता. कडा कडक झाल्या, मध्ये लोणीच राहिलं.

तिसऱ्या रात्री पावणेतीनला पितळ खाली आलं. सव्वासहा किलो, मोझॅकच्या लाद्यांवर. आवाज विरतो न विरतो तोच खालच्या मजल्यावरचे काका बनियनवर दारात हजर. "अहो, गणपतीला अजून दीड महिना आहे ना?"

सकाळी पत्रा उलटा केला, तर मागे आमच्या घराचा इतिहास चिकटलेला. आमचा बदामी रंग, त्याखाली आधीच्या मालकांचा पिस्ता, त्याखाली कुणाचा तरी निळा डिस्टेंपर आणि शेवटी पुट्टीचे पोपडे. कडेच्या सिलिकॉनने बेइमानी केली नव्हती. त्याने रंगाला घट्ट धरलं होतं; भिंतीला मात्र कुणीच धरलं नव्हतं.

मिस्त्री आले. डॉक्टर छाती वाजवतात तशी त्यांनी बोटांनी भिंत वाजवली. "साहेब, तुम्ही भिंतीला लावलाच नाहीत. रंगाला लावलात." शिवाय तो आंबट वासाचा सिलिकॉन पितळेला खातो, वास न येणारा वेगळा मिळतो, हेही त्यांनी सांगितलं. हे ज्ञान मला तीन दिवस आधी हवं होतं.

मग 12 मिलिमीटरचा प्लाय आला, स्क्रू धरायला भोकात ठोकायच्या गिट्ट्या आल्या, पितळी स्क्रू आले. (लोखंडी लावले तर समुद्राच्या हवेत गंजाचे ओघळ येतात म्हणे.) सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल बंद, त्यामुळे मिस्त्री त्या वेळात आमच्याकडे जेवले आणि घोरले. चार वाजता म्हणाले, "स्विचबोर्डच्या सरळ वर भोक मारायचं नाही. वायर तिथूनच चढते." सबब पत्रा नऊ इंच डावीकडे गेला. मागोमाग सोफा गेला. आता बाल्कनीचं दार अर्धंच उघडतं आणि कपडे वाळत घालायला आम्ही आडवे होऊन जातो.

कडेच्या सिलिकॉनमुळे नक्षीच्या खाचांत हिरवट रंग चढला होता. चिंच झाली, पितांबरी झाली, जुना टूथब्रश झाला. काही उपयोग नाही. परवा बायकोची मावशी आली, त्या हिरव्यावरून बोट फिरवून म्हणाली, "बाई गं! जुनं दिसतंय. वाड्यातलं का?"

"हो ना," बायको म्हणाली, "यांच्या आजोबांचं."

मी चहा आणायला आत गेलो.