चौथीतला गुडघा

बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवला. आता माझा उजवा गुडघा चौथीत आहे. लातूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "गुर्जी, ग्रेड चार. हाडांमधली फटच बुजली." मी सवयीनं विचारलं, "पाचवीत कधी जाईल?" म्हणाले, पाचवी नाहीच. केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली या यत्ता ठरवल्या, त्या चौथीलाच संपतात.

ऑपरेशन नको म्हणालो. कारण भीती, बाकीची कारणं घरी आल्यावर जुळवली. मग व्यायाम, वजन, काठी आणि चोळायचं मलम, एवढा अभ्यासक्रम मिळाला. दुखण्याच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, किडन्या दोनच आहेत, अशी तंबीही.

व्यायाम दिसायला सोपा. खुर्चीत बसून पाय ताठ करायचा, मांडी आवळायची आणि दहा आकडे होईपर्यंत तसाच धरायचा. मांडीत जोर आला तर गुडघ्याला आधार. आकडे बायको स्वयंपाकघरातून मोजते. "सात, आठ... अहो, तीन झाल्या का चार?" मी तंगडी वर धरून विचारतो, "शिट्ट्या का आकडे?" "थांबा, पहिल्यापासून!"

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. म्हणजे माझी डाव्या हातात. गंजगोलाईच्या बाजारापर्यंत जाईस्तोवर तिघं तरी थांबवतात. "काठी उलट्या हातात हाय की वो गुर्जी!" आधी समजावून सांगायचो. आता मुकाट्यानं हात बदलतो आणि माणूस वळणाआड गेला की परत बदलतो. त्यातल्या एकाला मी चौथीत तासभर अंगठे धरून उभं केलं होतं. त्याच्याशी वाद घालायला तोंड नाही.

पायऱ्यांचा नियम मात्र पाठ झाला: चढताना धडका पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पुण्यवान वर, पापी खाली. पण तुळजापूरला पायऱ्या उतरून देवीकडे जावं लागतं. तिथं दर पायरीला पापीच पुढं.

वजनाचं गणित मास्तराला पटणारं. एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा चारेक किलो भार हलका होतो. दिवाळीपर्यंत मी पाच किलो उतरवले. पाच चोक वीस. मग आली येळवस, म्हणजे रानात जाऊन जेवायची अमावस्या.

येळवशीला लातूरकडचा माणूस घरी सापडत नाही. व्याह्यांच्या रानात कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पांडव, समोर भुईवर पंगत. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. मला मांडी घालता येत नाही म्हणून प्लास्टिकची खुर्ची दिली. शेजारी दुसरी खुर्ची, तीत व्याही. त्यांनी गेल्या साली दोन्ही गुडघे बदलून घेतले. "करून टाका गुर्जी, मी बघा कसा चालतो," हे त्यांनी पहिल्या उंड्याला सांगितलं, दुसऱ्यालाही सांगितलं. चालतात खरंच झकास. पण भुईवर त्यांनाही बसू देत नाहीत. मांडीवर ताट तोलत, धोतरावर भज्जी सांडत, आम्ही दोघं सत्काराला आणल्यासारखे बसलो होतो. चौथा उंडा मी खाल्ला तो चिडून. चार चोक किती, ते मोजलं नाही.

जेवणं झाली. सगळे बोरीखाली, हरभऱ्यात पांगले. आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, आमच्या पायाशीच राहिलं, वर कडीचा तांब्या. ऊन चढलेलं. हाका मारल्या, कुणी येईना.

व्याही बिंदग्याकडं बघत म्हणाले, "तुम्ही वाका. तुमचे गुडघे अजून ओरिजनल हायती."

मी डाव्या हातातली काठी उलटी केली आणि मूठ तांब्याच्या कडीत अडकवली.

"त्या हातानं नाही वो," व्याही म्हणाले, "उजव्या हातानं धरा."