चाळीस दिवसांत कोड जात नाही

“कोडावर डॉक्टरांकडे इलाज नाही. बावचीचं तेल लावून भर उन्हात बसा, चाळीस दिवसांत डाग भरतात. क्रीमने रंग येत नाही, आला तरी परत जातो.” हा मजकूर या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत असतो. एकेक दावा तपासू.

बावची आणि ऊन. सर्वांत जास्त इजा इथेच होते, म्हणून आधी हे. बावचीतलं सोरालेन कातडीला अतिनील-ए किरणांसाठी हळवं करतं. तत्त्व खरं आहे. ‘पुवा’ (सोरालेन अधिक अतिनील-ए किरण) उपचार त्यावरच उभा राहिला. पण तिथे औषध आणि किरण दोन्ही मोजून देतात. घरी तेलात सोरालेन किती आणि उन्हात अतिनील किती, हे कुणालाच कळत नाही. शिवाय हे भाजणं उशिरा दिसतं. लाली दोन-तीन दिवसांनी भर धरते. “काहीच झालं नाही” म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात बसतो, मग फोड येतात. कोड पसरत असेल, तर भाजलेल्या जागी नवा डाग उमटू शकतो. घट्ट पट्टा, चपलेचा अंगठा, जोरात घासणं यांनीही हेच होतं. तेल लावून झालं असेल तर धुवा, ती जागा काही दिवस उन्हापासून झाका. फोड आले तर डॉक्टरांना दाखवा.

चाळीस दिवस. नव्या रंगपेशी मुख्यतः केसांच्या मुळांतून येतात, त्यामुळे रंग बहुधा केसाभोवती ठिपक्याठिपक्यांनी उगवतो. चेहरा-मान लवकर भरतात. बोटांची टोकं, ओठ आणि जिथले केसही पांढरे झालेत ते डाग फार कमी. डॉक्टरांकडचा नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील-बी किरणांचा अरुंद पट्टा मोजून देणारा प्रकाशोपचार, आठवड्यातून २-३ वेळा घेतात, लागोपाठच्या दिवशी नाही. हलकी लाली २४ तासांत उतरायला हवी. जास्त टिकली तर पुढची वेळ घेण्याआधी सांगा, डोस थांबवावा किंवा कमी करावा लागतो. तीन महिन्यांत फरक दिसेना म्हणून कितीतरी जण सोडून देतात, आणि याचंच वाईट वाटतं. गुण नाही हे ठरवायला ४८ ते ७२ वेळा लागू शकतात. महिन्यातून एकदा, त्याच उजेडात, तितक्याच अंतरावरून फोटो काढा. आरशात रोज बघून फरक कळत नाही.

क्रीमने रंग येत नाही. टॅक्रोलिमस ०.१ टक्के हे मलम चेहऱ्यावर दिवसातून दोनदा लावतात. सुरुवातीला चुरचुरतं, बहुतेकांचं ते थोड्या दिवसांत थांबतं. रक्सोलिटिनिब क्रीमला अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये १२ वर्षांपासून पुढच्या रुग्णांसाठी मंजुरी मिळाली. चाचण्यांत २४ आठवड्यांनी सुमारे ३० टक्के रुग्णांचा चेहरा किमान ७५ टक्के सुधारला. उरलेल्यांचा तेवढा नाही, हेही सांगायलाच हवं.

परत जातो. हे अर्धं खरं आहे. रंगपेशींवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशी कातडीत दबा धरून राहतात. म्हणून डाग भरला की औषध एकदम बंद करू नका. भरलेल्या जागी आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस चालू ठेवल्यास रंग टिकण्याची शक्यता वाढते. किती महिने, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.